रावण कोणाच्या घरी राहतो

नाशिकच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात नाटक उभं राहतं ते उन्हाळ्यात. एरवी त्याला सवडच नसते. पावसाळा भातात आणि नागलीत जातो. दिवाळीनंतर खळी आवरली की बरीचशी माणसं दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षबागांच्या कामाला. होळीला ती गावी परततात, आणि मग चैत्र-वैशाखात आज या पाड्यावर तर उद्या त्या, बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून नाचायचं सोंगांचं नाटक, लागतो. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर अशा सगळ्यांचा.

या कंपनीला मालक नाही, तिकीटबारी नाही. खर्च वर्गणीतून निघतो. पात्रंही माणसांना नव्हे, घरांना वाटलेली. रावण एका घरचा, नरसिंह दुसऱ्या, त्राटिका तिसऱ्या. बाप थकला की मुखवट्याखाली मुलगा जातो. काही गावांत सोंगांचा लिलाव होतो, तिथे मान बोलीवर मिळतो. दोन्ही रीतींत भांडणं होतात, आणि ती झाली नाहीत तर बोहाड्यात राम नाही असंच मला वाटतं. कोण चांगला नाचतो यापेक्षा कोणाचा हक्क आहे याची चर्चा ज्या नाटकात जास्त, ते नाटक लवकर बंद पडत नाही.

सुरुवातीच्या रात्री लहान सोंगांच्या. मोठी रात्र शेवटची. आधी गणपती, मग सरस्वती. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, त्यातही आरंभाला हीच दोन दैवतं नाचत आली होती. आपण त्या दिवसापासून मराठी रंगभूमीची वर्षं मोजतो. बोहाड्याला संस्थापक नाही, त्यामुळे त्याची शताब्दी कोणी साजरी केलेली नाही.

एका घराच्या पडवीत मी रावण बांधताना पाहिला. कागदाचा लगदा थरावर थर देऊन केलेला मुखवटा, दोन्ही बाजूंना तोंडांची रांग, वर बांबूच्या कामट्यांची प्रभावळ. पुढ्यात नारळ फुटला. तरुणाने डोक्याला फडकं गुंडाळून घेतलं, बिडीचा शेवटचा झुरका ओढला आणि खाली बसला. दोघांनी मुखवटा उचलून चढवला. म्हातारा दोरी कमरेपर्यंत आणून आवळत होता.

"दिसतंय का रं?"

"उजव्या डोळ्यानं दिसतंय, बाबा."

"मग झालं. डावीकडं मी हाये."

आणि खरंच, सबंध नाचभर म्हातारा डाव्या अंगाला, मागून कमरेची दोरी धरून होता. संबळ आणि पिपाणी वाजत होती, पुढे टेंभे. वीस डोळ्यांच्या रावणाला बापाने सांभाळत न्यावं, यात कोणाला काही गंमत वाटत नव्हती.

याच मुलखाच्या पायथ्याशी नाशकात विजयानंद थिएटर होतं. 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेऱ्यांनी 21 डिसेंबर 1909 रोजी तिथेच गोळ्या झाडल्या. त्या काळच्या नाटक कंपन्या बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरायच्या; पगार, भोजन, पडदे, रेल्वेभाडं, सगळं मालकाच्या डोक्यावर. 1932 साली 'अयोध्येचा राजा' पडद्यावर मराठी बोलू लागला आणि पुढच्या काही वर्षांत त्यांतल्या बहुतेक कर्जात बुडाल्या. भारतीय सिनेमाचे जनक मानले जाणारे दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरचे, हा योगायोग मला फार आवडतो. त्यांच्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता एकाच नटाने, साळुंक्यांनी, केले. बोहाड्यातही बायांची सोंगं पुरुषच घेत आलेत. बोहाड्याला मात्र सिनेमाने बुडवलं नाही. पगारच नव्हते, तर थकणार कुठून?

आता टेंभ्यांच्या जोडीला, पुष्कळदा त्यांच्या जागी, हॅलोजन आलेत. उजेड स्वच्छ पडतो आणि मुखवटा सपाट दिसतो. टेंभा हलला की सोंगाचे गाल, भुवया, दात हलल्यासारखे वाटतात. दिव्याखाली फक्त रंग दिसतो. तरी याबद्दल हळहळ करावी तर गावातली बाई म्हणेल, तेल तुम्ही द्या.

माझी तक्रार शहराकडे आहे. महोत्सवात ही सोंगं बोलावतात आणि दहा मिनिटं रंगमंचावर उभी करतात. रंगमंच आडवा, बोहाड्याला वाट उभी लागते. सोंग वाटेच्या दूरच्या टोकाला प्रकटतं, दोन्ही बाजूंना बसलेल्या माणसांमधून नाचत देवळाकडे येतं, मागे सरतं, पुन्हा येतं. तान्ही पोरं रडतात, थोरली आईच्या मागे लपून पाहतात. शिवाय देवी पहाटे येते, रात्रभरात बाकीची सोंगं होऊन गेल्यावर, आणि मग महिषासुराशी तिची लढाई. तोवर माणसं बसून असतात, पेंगतात, उठून चहा पिऊन येतात. दहा मिनिटांत देवी आणायची तर तिला आधी आयोजकांकडून वेळ मागून घ्यावी लागेल.