चाकोरी

चाकोरी या शब्दाला आम्हा लिहिणाऱ्या मंडळींनी फार बदनाम करून ठेवले आहे. नायक बंडखोर दाखवायचा असला, की त्याला चाकोरीबाहेर पाठवायचे. आणि एखाद्याची कीव करायची असली, की त्याला चाकोरीत टाकायचे. माझ्या कादंबऱ्यांतून मीही हेच करीत आलो. वास्तविक मी राहतो मोहर्लीला. पाऊस उघडल्यावर आमच्याकडच्या पांदणीतून एकदा बैलगाडी हाकून पाहावी, म्हणजे चाकोरीची किंमत कळते. चाक चाकोरीतून सुटले, की गाडी चिखलात बसलीच! पण रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट मला दिसली नव्हती. ती गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने दाखवली, आणि तीही एका टाकाऊ सीडीवर.

सीडी आता घराघरांतून उठली आहे. आमच्याकडे मात्र तिला अजून काम आहे. परसात वालाचा मांडव आहे, आणि मांडवावर दहा-बारा जुन्या सीड्या दोऱ्याने टांगलेल्या आहेत. वाऱ्यावर त्या फिरतात, उन्हात चमकतात आणि पाखरे बिचकतात. माकडे पहिल्या दिवशी बिचकली. दुसऱ्या दिवसापासून ती त्यांत तोंड पाहू लागली.

भाऊबीजेला बहीण माहेरपणाला आली, तिच्याबरोबर भाचा आला आणि भाच्याबरोबर एक भले मोठे खोके आले. त्याचे वडशाला माईक-भोंग्यांचे दुकान आहे. झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम दिवाळीला सुरू होतो तो होळीपर्यंत चालतो. त्या दिवसांत हा गृहस्थ घरी सापडायचा नाही. या खेपेस दोन दिवसांची सवड काढून आला होता. हातपाय धुऊन तो परसात गेला आणि मांडवाकडे टक लावून पाहत राहिला.

"मामी, यातल्या चार सीड्या घेऊ का जी?"

"घे बापा," ही म्हणाली, "पण माकडांना विचारून घे. त्यांचे आरसे आहेत ते."

खोक्यातून जे निघाले ते पाहून मी चाटच पडलो. एका जुन्या रेकॉर्ड-प्लेअरची फिरती थाळी. तिच्यावर आडवा बसवलेला आट्यांचा लोखंडी दांडा. दांड्याला अगदी हळू फिरवणारी एक लहानशी मोटार. आणि दांड्यावरून कडेपासून मध्याकडे सरकणारी एक घोडी. थाळीच्या एका फेरीत घोडी सरकायची ती मिलिमीटरचा जेमतेम सहावा भाग. घोडीत एक स्पीकर होता. त्याचा कागदी पडदा कापून टाकलेला, आतल्या तारेच्या गुंडाळीला एक हलकी काडी चिकटवलेली आणि काडीच्या टोकाला हिऱ्याची कणी. स्पीकरमध्ये आवाज सोडला, की काडी थरथरायची आणि खाली फिरणाऱ्या सीडीवर थरथरतीच रेघ उठवायची. ती रेघ म्हणजे आवाज!

माझे विज्ञान दहावीच्या पुस्तकाबरोबर संपले. त्यामुळे मी विचारले, "अरे, सीडीत आधीच गाणी असतात ना?"

"असतात, मामाजी. पण ती सुईची नाहीत, उजेडाची. चित्राच्या बाजूला, वरच्या पातळ लेपाखाली चांदीसारखा पापुद्रा असतो, त्यात. आपण रेघ काढायची ती उलट्या बाजूला. तिथे सव्वा मिलिमीटरभर कोरे प्लॅस्टिक पडले आहे."

सीडीतली गाणी आतून बाहेर वाचली जातात आणि रेकॉर्डची बाहेरून आत, ही गंमतही त्यानेच सांगितली. रेघ केसाच्या निम्म्या जाडीइतकीही खोल नसते. ती कापून काढता येते. पण मग निघणारा बारीक दोरा सारखा ओढून घ्यावा लागतो. म्हणून त्याने न कापता, हिरा दाबून रेघ उठवण्याची रीत पत्करली होती. बारा सेंटिमीटरच्या त्या चकतीवर, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या गतीने, आवाज मावतो तीन-साडेतीन मिनिटांचा.

पहिला प्रयोग माझ्यावरच झाला. मास्तरांनी काय म्हणायचे? मी बेचा पाढा म्हटला. तो ऐकताना सगळे घर हसून हसून लोळले. रेकॉर्ड-प्लेअरची मधली खुंटी सात मिलिमीटरची आणि सीडीचे भोक पंधराचे. चकती मधोमध बसली नव्हती. बे दुणे चार म्हणणारे मास्तर झोपाळ्यावर बसल्यासारखे वरखाली होत होते. भाच्याने सागाची एक गोल चकती कातून भोकात बसवली. दुसऱ्या वेळी माझा खर्ज आडवा आला. खर्जाच्या आवाजाने काडी इतकी हलली, की एक रेघ शेजारच्या रेघेत घुसली. मग त्याने खर्ज उतरवला आणि बारीक सूर चढवले; वाजवताना हेच उलटे करायचे. कंपन्यांनी १९५४ च्या सुमारास ठरवून घेतलेले हे गणित हा पोरगा वडशाच्या दुकानात बसून जुळवीत होता.

रात्री अंगणात बसून गोष्टी निघाल्या. एडिसनने १८७७ मध्ये कथलाच्या पातळ पत्र्यावर आवाज उमटवला. दहा वर्षांनी बर्लिनरने सपाट तबकडी काढली. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गोहरजानने कर्ण्यासमोर गायन केले, आणि तासभर चालणारा राग आपल्या गवयांना तीन मिनिटांत बसवावा लागला. त्या जुन्या तबकड्या लाखेच्या असत. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर यांवरच्या किड्यांची. तेव्हा बालगंधर्वांची पदे ज्या काळ्या तबकड्यांवरून खेडोपाडी पोचली, त्यांत आमच्यासारख्या एखाद्या रानातला पळसही असायचा. पुढे रशियात मनाई असलेली गाणी लोकांनी इस्पितळांतल्या जुन्या क्ष-किरण फोटोंवर कोरून घेतली. कोणाच्या तरी बरगड्यांवरून सुई फिरे आणि गाणे वाजे. माणसाला आवाज हवा असला, की तो कशावरही रेघ ओढतो.

पण मला सर्वांत लागली ती ग्रिअर्सन साहेबांची हकीकत. त्यांच्या भाषा-पाहणीसाठी १९१३ ते १९२९ या काळात देशभरच्या बोलींच्या तबकड्या भरवल्या गेल्या. ठिकठिकाणच्या माणसांना आपापल्या बोलीत एकच गोष्ट सांगायला लावली होती : बायबलातल्या उधळ्या मुलाची. बापाने दिलेले धन उधळून, खाली मान घालून परत येणारा तो मुलगा. ती गोष्ट निघाली आणि मी गप्प झालो. कारण तसला एक मुलगा त्या अंगणातच बसला होता.

२००४ सालची गोष्ट. मी नवा मास्तर होतो आणि नवा कादंबरीकार होण्याच्या खटपटीत होतो. कादंबरीसाठी मला जात्यावरच्या ओव्या हव्या होत्या. ताडोबाच्या गाभ्यातल्या एका गावी एक म्हातारी होती. पहाटे दळायला बसली, की उजाडेपर्यंत तिची ओवी संपायची नाही, आणि सगळी आमच्या झाडीबोलीत. मी टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. तासाभराची कॅसेट भरली. तिची पाच-सहा वर्षांची नात जात्याच्या खुंट्याला हात लावून बसली होती.

चंद्रपूरला जाऊन मी त्या कॅसेटची सीडी करून आणली. करून देणारा म्हणाला, "गुरुजी, आता शंभर वर्षं बघायला नको." मी खरेच बघितले नाही. कॅसेट मोकळी झाली असे समजून तिच्यावर शाळेचे स्नेहसंमेलन भरले. सीडी पत्र्याखालच्या फळीवर ठेवली आणि विसरलो. मध्ये वर्षे गेली. कोळसा, बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गाभ्यातली गावे वाघांसाठी बाहेर वसवली जाऊ लागली. म्हातारीचे गावही उठले. नव्या जागेत दोन पावसाळे काढून ती गेली. मग केव्हातरी मी सीडी लावली, तर यंत्राने ती फिरवून फिरवून परत दिली. घरी भरलेल्या सीडीत आवाज असतो तो एका रंगाच्या थरात, आणि उन्हाने, उकाड्याने तो रंग उडतो. आमचा चंद्रपूरचा मे महिना, वर तापलेले पत्रे! वाघांनी नव्हे, उन्हाने नव्हे. म्हातारीचा आवाज मी घालवला होता.

एकदा बाजारात तिच्या नातीने मला गाठले. आता ती दोन लेकरांची आई आहे. "गुरुजी, आजीचा आवाज तुमच्याजवळ आहे ना जी? पोरांना ऐकवायचा होता." मी म्हणालो, "शोधतो." त्यानंतर तीन वर्षे बाजारात ती दिसली, की मी दुसऱ्या रस्त्याने जात असे.

त्या रात्री हे सगळे मी भाच्याला सांगितले. तो एवढेच म्हणाला, "कॅसेट आहे का?" ट्रंकेच्या तळातून कॅसेट निघाली. स्नेहसंमेलनाची भाषणे, नाच, बक्षीस-समारंभ, आभार. आणि आभार संपल्यावर एक खट्ट आवाज, आणि मग जाते! संमेलन आमच्या नेहमीच्या शिस्तीप्रमाणे लवकर आटोपले होते. त्याच्या मागे साडेतीन मिनिटे उरली होती. म्हातारी गात होती. ही पदराने डोळे पुसू लागली. मी नुसता बसून राहिलो.

भाच्याने आधी ते दोन मोबाईलमध्ये उतरवून घेतले. हे त्याचे शहाणपण. मग मेलेली सीडी हातात घेऊन म्हणाला, "मामाजी, हिच्यावरच रेघ उठवू? तिचीच आहे." मला मोह झाला. कादंबरीकाराला असले योग फार आवडतात. पण मी नको म्हटले. उद्या कोणी शहाणा माणूस त्या उडालेल्या रंगातून चार ओव्या वाचील. रेघ ओढल्यावर तीही आशा संपली. एकदा घाई करून झाली होती. तेव्हा मांडवावरची सीडी उतरवली. तिच्या पाठीवर अजून छापलेले होते : 'तीस दिवसांत इंग्रजी बोला'. तीस दिवसांचे इंग्रजी खाली, आणि वर झाडीबोलीतली ओवी!

सुईची खरखर होतीच. पण जात्याच्या घरघरीत ती अशी मिसळून गेली, की खरखर कुठली आणि घरघर कुठली, हे ओळखू येईना. गोल फिरणाऱ्या दगडावर जन्मलेला आवाज पुन्हा गोल फिरू लागला होता.

बहिणीला पोचवायच्या वाटेवर वाकडी वाट करून आम्ही त्या नव्या वस्तीत गेलो. मी नातीला सारे खरे सांगितले. ती रागावली नाही. रागावली असती तर बरे वाटले असते. मोबाईलवरचे तिच्या मोबाईलमध्ये घालून दिले. मग भाच्याने ओट्यावर थाळी मांडली. पोरे भोवती जमली. सुई टेकली आणि म्हातारी गाऊ लागली. नात पदर तोंडाशी धरून ऐकत होती. कॅसेट संपली होती तिथे, ओवीच्या अर्ध्यात, आवाज तुटला. शेवटच्या रेघेने तिथे स्वतःशीच गाठ मारलेली होती. म्हणजे सुई पुढे जाईना, मागे येईना. त्याच एका फेरीत फिरत राहिली. त्या फेरीत म्हातारी नव्हती, नुसते जाते होते. घरघर, घरघर.

भाचा सुई उचलायला वाकला, तसा नातीने हात आडवा केला. आणि जात्याच्या त्या घरघरीवर तिने उरलेली अर्धी ओवी म्हटली. मग पुढची. मग त्याच्या पुढची. तिची धाकटी पोर थाळीच्या कडेला बोट लावू पाहत होती. वीस वर्षांपूर्वी हिने जात्याच्या खुंट्याला लावला होता, तसे.

सुट्टी संपल्यावर मी बेच्या पाढ्याची फसलेली चकती शाळेत नेली. जाड कागदाचा कर्णा केला, टोकाला शिवणाची सुई टोचली, चकती पेन्सिलीवर बसवून बोटाने फिरवली आणि सुई रेघेत धरली. वीज नाही, बॅटरी नाही. "गुरुजी, सुई बोलते!" म्हणून वर्ग ओरडला. चार वेळा ऐकवेपर्यंत सुईने रेघ खरवडून टाकली आणि पाढा पुसट झाला. मग एका मुलाने विचारले, "आता हो?" मी म्हटले, "आता तू म्हण." त्याने तो सबंध म्हटला, आणि माझ्यापेक्षा ठणठणीत म्हटला.

जपणे म्हणजे एकदाच कुठेतरी ठेवून निर्धास्त होणे, असे मी समजत होतो. त्या सीडीने शंभर वर्षांचा भरवसा दिला आणि मी झोपी गेलो. रेघेचा भरवसा काहीच नाही. दर वेळी ऐकताना ती थोडी झिजते, आणि झिजताना दिसते. म्हणून माणूस जागा राहतो, दुसरी उठवून घेतो, किंवा तोंडपाठ करतो. पांदणीतल्या चाकोरीचेही तसेच आहे. ती कोणी एकाने कोरलेली नसते. एका मागून एक गाड्या जातात, म्हणून ती राहते.