मातीच्या बाहुल्यांचा दिग्दर्शक

कंबोडिया म्हटले, की अंकोरवाट आलेच. मीही ते पाहिले. पण त्यावर इतक्यांनी इतके लिहिले आहे, की मी आपला थेट राजधानीकडे, नॉम पेन्हकडे वळतो. तिथे मी एका दिग्दर्शकाच्या पाऊलखुणा शोधीत हिंडलो. नाव रिथी पान्ह.

हे शहर एकेकाळी सिनेमावेडे होते. १९६० ते १९७५ या काळात इथे सुमारे चारशे बोलपट निघाले. खुद्द सिहानुक राज्यकारभार सांभाळून चित्रपट काढी! १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजची फौज शहरात शिरली आणि तिने सगळी वस्ती खेड्यांकडे हाकलली. त्या बोलपटांतले आज जेमतेम तीस-एक हाती लागतात.

रिथीचा जन्म १९६४ चा. वडील शिक्षण खात्यात अधिकारी. जनावरांसारखे जगणे नाकारून त्यांनी अन्न सोडले आणि प्राणही. रीतसर अंत्यविधी कुठला व्हायला! त्या रात्री आईने मुलांना, त्यांची अंत्ययात्रा कशी निघायला हवी होती, ते नुसते बोलून सांगितले. रिथीची सिनेमाची पहिली शाळा तीच, असे मला वाटते.

१९७९ साली तो थायलंडमधल्या निर्वासितांच्या छावणीत पोचला, पुढच्या वर्षी पॅरिसला. तिथे स्वारी सुतारकाम शिकत होती. एका मेजवानीत कुणी हातात व्हिडिओ कॅमेरा दिला आणि रंधा कायमचा सुटला. मग चित्रपटाचे रीतसर शिक्षण झाले. १९८९ मध्ये पहिला माहितीपट आला, तोही निर्वासितांच्या छावणीवर. १९९४ साली त्याचा ‘राइस पीपल’ कानच्या स्पर्धेत होता.

तुओल स्लेंगला मात्र पाय जड झाले. ही मूळची शाळा. ख्मेर रूजने तिचा तुरुंग केला. हजारो माणसे आत गेली, वाचली ती बोटांवर मोजण्याइतकी. एका वर्गात अजून विटांच्या कोठड्या आहेत. २००३ च्या चित्रपटात रिथीने जुन्या पहारेकऱ्यांना इथेच परत आणले. त्यांतला एक रिकाम्या खोलीत कुलूप काढल्यासारखे करतो, नसलेल्या कैद्यांवर ओरडतो, पुन्हा दार लावतो. हात काही विसरलेले नाहीत. समोर वान नाथ हा चित्रकार, त्या वाचलेल्यांपैकी एक, शांतपणे प्रश्न विचारतो. पडद्यावर एकही मारहाण नाही, तरी अंगावर काटा येतो.

पण स्वतःच्या घरच्यांची कथा सांगायची कशी? त्या दिवसांची चित्रे म्हणजे राज्यकर्त्यांचे प्रचारपट. रिथीने मातीच्या बाहुल्या घडवून घेतल्या. वडिलांच्या बाहुलीला पांढरा सूट, काळसर टाय. बाहुल्या हलत नाहीत, आपणच हलतो. २०१३ च्या या ‘मिसिंग पिक्चर’ला कानचे पारितोषिक मिळाले, ऑस्करचे नामांकनही. मला त्या टायचेच अप्रूप अधिक.

२००६ साली त्याने शहरात बोफाना केंद्र काढले. बोफाना ही तुओल स्लेंगमध्ये बळी गेलेली तरुणी; तिने नवऱ्याला लिहिलेली प्रेमपत्रे तुरुंगाच्या दप्तरात सापडली. केंद्रात जुनी चित्रे, गाणी, ध्वनिफिती जमवून ठेवल्या आहेत. कुणीही यावे, फुकट पाहावे. तरुणांना चित्रपट काढायलाही इथे शिकवतात.

मी गेलो, तेव्हा शेजारच्या खुर्चीवर एक कॉलेजकुमारी कानाला यंत्र लावून जुन्या नॉम पेन्हची दृश्ये पाहत होती. मध्येच तिने चित्र थांबवले, रस्त्यावरच्या एका दुकानाच्या पाटीवर बोट ठेवले आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला.