गुरांच्या खिंडीत पेट्रोलचा वास

स्कॉटलंडात ॲपलक्रॉस गावाकडे जाणारी ‘ब्यालाख ना बा’, म्हणजे गुरांची खिंड, ६२६ मीटर उंच. आमचे १९७२ सालचे मोटारघर धापा टाकीत माथ्यावर पोचले, आणि पेट्रोलचा भपकारा आला! मित्राने तत्क्षणी इंजिन बंद केले. चहासाठी शेगडीकडे वळलेल्या सौभाग्यवतींना मी हाताला धरून बाहेर काढले.

इंजिन निवल्यावर शोध सुरू झाला. गळती लबाड असते. थेंब नळीवरून ओघळत भलतीकडेच टपकतो. सगळे पुसून कोरडे केले, तेव्हा कुठे क्लिपेपाशी तडकलेली रबरी नळी सापडली. ब्रिटनमध्ये २०२१ पासून रूढ झालेले, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे पेट्रोल अशा म्हाताऱ्या रबराला मानवत नाही. तडकलेले टोक कापून मित्राने नळी पुन्हा बसवली, गावापुरती.

समोर धुक्यातून स्काय बेट वर येत होते. चहाचे नाव मात्र कुणी काढेना.