धूर नसलेला विस्तव

आमच्या जालना जिल्ह्यात टोस्ट म्हटला की तो बेकरीतून भाजूनच यावयाचा व चहात बुडवूनच खावयाचा, असा जुना संकेत आहे. त्यामुळे पाव भाजण्याचे विजेचे यंत्र आमच्या घरी आले, तेव्हा तयार मिळणाऱ्या जिनसेसाठी हा खटाटोप कशाला, असा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांनी केला. प्रश्न रास्त होता. तथापि यंत्र घरात राहिले, आणि त्याच्या सहवासात आम्हांस जे सुचले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

चुलीतला विस्तव मोठा प्रामाणिक. तो दिसतो, धुरतो, जवळ जाणाऱ्यास चटका देऊन बजावतो. या यंत्रातील निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूच्या तारा लाल होतात, म्हणून आपण भितो ते उष्णतेला. परंतु खरे भय त्या लालीचे नव्हे. आठशे वॉटचे यंत्र 230 व्होल्टांवर सुमारे साडेतीन अँपिअर प्रवाह घेते. फ्यूज किंवा एमसीबी यांचे काम तारांचे रक्षण करणे. माणसाचा प्राण घेण्यास पुरेल एवढ्या प्रवाहाची ती दखलही घेत नाहीत. वायरमन ज्यास ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतो, तो मात्र 30 मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडतो. घरात तो नसेल तर यंत्राआधी तो घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पावाचा तुकडा आत अडकला की हात आपोआप सुरीकडे जातो. तो आवरावा. तारा काळ्या पडल्या म्हणजे वीज गेली असे समजू नये. भिंतीतील जोडणी उलट झाली असल्यास बंद दिसणाऱ्या यंत्रातही वीज उभी असते. आधी प्लग उपटावा, यंत्र निवू द्यावे, मग ते पालथे करून तुकडा झटकावा. ओल्या हातांनी त्यास शिवू नये.

प्लगास तीन पाय असतात. त्यांतील जाड व लांब पाय यंत्राचे धातूचे अंग जमिनीशी जोडतो, आणि येथेच आमच्या जिल्ह्याचा प्रश्न उभा राहतो. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात, वरून पाणी ओततात. कारण ओली माती वीज वाहून नेते, कोरडी नेत नाही. 2012-13 च्या दुष्काळात जेथे पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली, तेथे खड्ड्यात पाणी कोण ओतणार? अशा कोरड्या वर्षी प्लगाचा तिसरा पाय केवळ नावाचा उरतो. म्हणून उन्हाळा लागताच वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. अर्थिंग दुबळे पडले तरी ईएलसीबी आपले काम करतो, हे त्याचे दुसरे महत्त्व.

आता भाजण्याविषयी. ताज्या पावात ओल अधिक, म्हणून त्यास वेळ लागतो. शिळा लवकर भाजतो. पहिल्या खेपेने यंत्र तापलेले असते, तेव्हा दुसऱ्या खेपेस कळ एक घर मागे घ्यावी. लोणी नंतर लावावे. आत ठिबकले तर पेट घेते. रंग सोनेरी झाला की पुरे. हा रंग व खमंगपणा ज्या क्रियेने येतो, तिचे वर्णन माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली केले. तीच क्रिया लांबली की ॲक्रिलामाइड हे अनिष्ट द्रव्य वाढते, असे 2002 साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. तेव्हा काळा टोस्ट चवीलाही वाईट आणि प्रकृतीलाही. तळाची ताटली आठवड्यातून एकदा रिकामी करावी. साचलेला चुरा हेच पुढच्या आगीचे सरपण होते. लादीपाव आणि शिळी भाकरी यांचे स्थान तव्यावरच.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांत याच विजेने भंगार लोखंड वितळते. तेथील कामगार तिला भिऊन वागतो. स्वयंपाकघरात मात्र तिला आपण खेळणे समजतो. चूल मुलांना चटका देऊन शहाणे करीत असे. वीज दुसरी संधी देईलच असे नाही. म्हणून ते शिकविण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे.