मिटलेली भांडणे

भांडण कसे सुरू झाले हे माणूस वीस वर्षांनीही तिथीवारासकट सांगतो. ते मिटले कसे, हे विचारा. तो डोके खाजवू लागतो. गेली दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी एस.टी.चे धक्के खात मी एका खेड्यात जातो, तो या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गोळा करायला. लोकांची भांडणे, आणि तीही मिटलेली, टिपून आणण्यात मराठीच्या प्राध्यापकाला काय मिळते, असे आमच्या घरी विचारतात.

१५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, हे वाचकांना आठवत असेल. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी ती मोठ्या हिरिरीने चालवली. ग्रामसभेने समिती नेमायची, तंट्यांची नोंदवही ठेवायची आणि दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून समेट घडवायचा. गाव तंटामुक्त ठरले, की लोकसंख्येच्या मानाने १ लाखापासून १० लाखांपर्यंत बक्षीस. बक्षिसाचा हा भाग मला कधीच रुचला नाही. तंटे मिटवल्याचे गुण मिळू लागले की मिटवण्याची घाई होते, आणि घाईत नमते घ्यायला लागते ते बहुधा दुबळ्यालाच.

पण त्या समितीत बसलेली माणसे मात्र मोठी रसाळ! ती आता सत्तरीकडे झुकली आहेत. त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात राहाव्यात, म्हणून मी समोर मोबाइल ठेवतो आणि गप्प बसतो. दोन भावांमधल्या बांधाच्या भांडणाविषयी नोंदवहीत एकच ओळ आहे : 'उभय पक्षांत सामोपचाराने समेट झाला.' बांध दर नांगरटीला वीतभर कोरला जात होता, आणि प्रकरण कुऱ्हाडीपर्यंत गेले होते. समितीतले अण्णा सांगतात, "आम्ही कसलं मिटवतोय सर! दोघांना एका बाकावर बसवलं, मधे चहा ठेवला. पहिल्या बैठकीला चहा तसाच गार झाला. दुसऱ्यालाही. चौथ्या बैठकीला धाकट्यानं कप उचलला, थोरल्यानं बशी पुढं केली. तेव्हा मी तलाठ्याला म्हटलं, आता मोजणी बोलवा." ही बशी नोंदवहीत नाही. ती सापडली म्हणून मी त्या दिवशी परतीच्या गाडीत उभा राहूनही खुशीत होतो.

आपल्या जुन्या कागदांत अशा निवाड्यांची नोंद अधिक भरघोस असे. गोतसभा बसे, महजर होई, आणि त्याखाली जमलेल्यांच्या निशाण्या पडत. पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी. हरणाऱ्याकडून तर येजितखत लिहून घेत, म्हणजे 'मी हरलो' असे त्याचे लेखी कबूल करणे. मोठे कठोर वाटते खरे. पण कोण हरले ते त्यात स्पष्ट असे. आजच्या समेटपत्रात कोणीच हरत नाही, आणि तरी गावात एखादे माणूस खाली मान घालून चालताना दिसते.

अशाच एका मावशींकडे मी गेलो. २००९ मध्ये समितीने समजूत घालून त्यांना सासरी परत नांदायला पाठवले होते. नोंदवहीत पुन्हा तेच 'सामोपचाराने'. मी फोन पुढे ठेवला, तेव्हा त्यांनी विचारले, "हे कुणाकुणाला ऐकू जाणार?"

प्रश्न साधा नव्हता. मला उत्तर आयर्लंडमधले बेलफास्ट शहर आठवले. तिथल्या जुन्या सशस्त्र गटांतल्या माणसांच्या आठवणी अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजने २००१ पासून मुद्रित करून घेतल्या होत्या, 'तुमच्या हयातीत बाहेर येणार नाहीत' अशा भरवशावर. २०११ मध्ये पोलिसांनी न्यायालयामार्फत त्या मागितल्या, आणि त्यातल्या काही द्याव्या लागल्या. सांगणाऱ्याने विश्वासाने सांगितले, ऐकणाऱ्याने प्रामाणिकपणे ऐकले, आणि तरी असे झाले. शिवाय समेट टिकतो तो पुष्कळदा 'झाले गेले' म्हणून. मी तर ते झाले गेलेच विचारायला आलो होतो.

"माझ्याकडून कुणालाच नाही," मी म्हटले, "पण उद्या कोर्टानं मागितलं, तर माझ्या हातात काही नाही, मावशी."

त्यांनी क्षणभर फोनकडे पाहिले. "मग ते बंद करा."

मी बंद केला. तासभर त्या बोलत होत्या. निवडायला घेतलेले तांदूळ सुपात तसेच राहिले. काय बोलल्या ते अर्थातच इथेही येणार नाही. मी उठू लागलो, तेव्हा म्हणाल्या, "आता लावा परत."

पदर सारखा करून, फोटोला बसावे तशा त्या ताठ बसल्या. आपले नाव सांगितले, माहेरचे गाव सांगितले. मग म्हणाल्या, "पाच माणसांनी सांगितलं म्हणून मी परत गेले. मला कुणी विचारलं नव्हतं. बाकीचं मी सांगितलंय, पण ते यात नाही."

मुद्रण चाळीस सेकंदांचे आहे. शेवटी सुपातले तांदूळ पुन्हा पाखडल्याचा आवाज येतो.