अर्धी नोट

लोक खर्च करण्यासाठी नोटा मिळवतात. मी नोटा मिळवण्यासाठी खर्च करतो, हे आमच्या घरातले जुने गाऱ्हाणे. इंग्रजी अमलातल्या नोटांचा नाद मला आज चाळीस वर्षे आहे. पहिल्या महायुद्धात चांदीची चणचण पडली म्हणून १९१७ साली निघालेली एक रुपयाची नोट माझ्यापाशी आहे. पुढच्याच साली निघालेली अडीच रुपयांचीही आहे. ती पाहून नातवंडे हसतात, ‘आजोबा, ही खेळातली!’

पण पाहुणा आला की मी आधी काढतो ती दहा रुपयांची अर्धी नोट. एकाच बाजूला छापलेली, पाठ कोरी. त्या काळी टपालाने पैसे पाठवताना नोट मधोमध कापीत. एक तुकडा आधी पाठवायचा, तो पोहोचल्याचे पत्र आले की दुसरा. नंबर दोन्ही तुकड्यांवर असे, म्हणजे जोड जुळे. वाटेत एक तुकडा चोरीस गेला तरी चोराच्या हाती चिठोरेच!

ही अर्धी नोट माझ्या आजोबांच्या पेटीतली. थोरल्या आत्याच्या लग्नासाठी धाकट्या आजोबांनी ती मुंबईहून गावी पाठवली आणि उरलेली अर्धी कधी धाडलीच नाही. ‘भावाने तोंडाला पाने पुसली,’ हे वाक्य आमच्या घरी तीन पिढ्या चालले. दोन्ही घरांचे जाणेयेणे तुटले ते तुटलेच. मीही पाहुण्यांना ही हकीकत रंगवून सांगत असे. खोटे कशाला बोलू?

गेल्या श्रावणात पेटीच्या तळाचा कागद बदलायला घेतला. त्याखाली एक पैशाचे कार्ड निघाले. अक्षर आजोबांचे, पत्ता धाकट्या आजोबांचा. ‘अर्धी नोट पोहोचली. उरलेली सत्वर पाठवावी.’

कार्डावर टपालाचा शिक्का नव्हता.

धाकटे आजोबा बिचारे त्याच कार्डाची वाट पाहत बसले असतील. की पुन्हा लिहिले असेल, आणि इकडून मानाने उत्तर दिले नसेल?

त्यांची नातसून पुण्यात असते. पाडव्याला येतो म्हणून तिला फोन केला. ती क्षणभर बोललीच नाही, मग म्हणाली, ‘जेवायलाच या, भाऊजी.’ कार्ड पाकिटात घालून ठेवले आहे. नोटही द्यावी असे सौभाग्यवतींचे म्हणणे. द्यायला हवी, हे मलाही कळते. आल्बममधून दोनदा काढली आणि दोनदा परत ठेवली.