हिंजवडीहून लंडनला : नियम, व्यवहार आणि प्रवास

मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे मूळचे म्हातोबा देवाचे गाव. आज ते राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे जगाला ठाऊक झाले आहे. पुण्याच्या पेठांतून, बारामतीहून, अहिल्यानगरहून व्यापारी घराण्यांतील तरुण पिढी येथे आली. वडील पेढीवर बसत, मुलगा किंवा सून संगणकासमोर बसू लागली. पुढे कंपनीने त्यांना दोन-तीन वर्षांसाठी लंडनला पाठविले की आई-वडिलांच्या पारपत्रांचा शोध सुरू होतो. अशा प्रवासाला निघणाऱ्या ज्येष्ठांपुढे लंडन पाहण्याइतकाच मोठा प्रश्न असतो, तो आयुष्यभर सांभाळलेले आहार-विहाराचे नियम तेथे कसे टिकतील हा. काहीजण याच चिंतेने जाणेच टाळतात. काहीजण ‘परदेशात एवढे चालायचेच’ म्हणून नियम सोडतात आणि मग मनात खंत बाळगतात. पुरेशी पूर्वतयारी असेल तर या दोन्हींची गरज पडत नाही.

पहिली पायरी प्रवेशपरवान्याची. युरोपातील अनेक देशांसाठी चालणारा शेंगेन व्हिसा ब्रिटनला चालत नाही. लंडनसाठी स्वतंत्र परवाना काढावा लागतो. प्रवासाच्या तारखेपूर्वी तीन महिन्यांच्या आत हा अर्ज करता येतो. व्यापारी कुटुंबांनी येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकाएकी मोठी रक्कम जमा केली, तर शिल्लक वाढलेली दिसते. पण ती कोठून आली, हा प्रश्नही उभा राहतो. कित्येक महिन्यांची नियमित उलाढाल, आयकर विवरणपत्रे, वस्तू व सेवा कराची नोंदणी आणि ‘दुकान चालू आहे, मालक परत येणार आहेत’ हे दाखविणारी कागदपत्रे अधिक बोलकी ठरतात. मुलाने पाठविलेल्या पत्रात नाते, निवासाची सोय आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट असावे.

पैशांचा हिशेबही आधीच मांडावा. उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता किंवा खर्च करता येते. त्यासाठी कायम खाते क्रमांक लागतो आणि ठरावीक मर्यादेनंतर उगमस्थानी करही गोळा होतो. त्या कराची नोंद ठेवावी, कारण विवरणपत्रात त्याची वजावट मिळते. थोडे पौंड रोख आणि बाकी परकीय चलनाच्या कार्डावर, ही विभागणी सोयीची. दुकानात कार्ड वापरताना यंत्र ‘रुपये की पौंड’ असे विचारते, तेव्हा पौंडच निवडावेत. रुपये निवडले की विनिमयाचा दर दुकानदाराची बँक ठरविते आणि तो बहुधा महागच पडतो.

सामानाच्या बाबतीत घरोघरी एक चूक हमखास होते. नातवंडांसाठी साजूक तुपाची गोळपापडी, पेढे, श्रीखंडवड्या बांधल्या जातात. भारतातून ब्रिटनमध्ये दूध व दुग्धजन्य पदार्थ वैयक्तिक वापरासाठीही नेता येत नाहीत. ताज्या भाज्या व बहुतेक ताजी फळे यांवरही निर्बंध आहेत. तेव्हा तेलातले खाखरे, भाजलेले पोहे, कोरड्या चटण्या, डाळी, मसाले असा कोरडा शिधा घ्यावा. औषधे मूळ वेष्टनातच ठेवावीत आणि डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ रासायनिक नावासह सोबत असावी.

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून लंडनला थेट विमान नाही, त्यामुळे बहुतेकांना मुंबई गाठावी लागते. हिंजवडीकरांना किवळ्याजवळ सुरू होणारा द्रुतगती मार्ग जवळचा. परंतु उद्यानातील कचेऱ्या सुटण्याच्या वेळी गावातून बाहेर पडण्यातच तास जातो आणि शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या घाटात वाहने खोळंबतात. विमानाच्या वेळेआधी सात-आठ तास घर सोडणे शहाणपणाचे. विमानातील भोजनासाठी ‘हिंदू शाकाहारी’ नव्हे, तर ‘जैन शाकाहारी’ असेच आधी नोंदवावे. विमान कंपन्यांत त्याचा संकेत ‘व्हीजेएमएल’ असा आहे. नोंद प्रवासाच्या किमान दोन दिवस आधी करून तिची खातरजमा करावी. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, त्यामुळे विमानात चौविहार कसा पाळावा याविषयी पूज्य साधु-साध्वीजींचे मार्गदर्शन निघण्यापूर्वीच घ्यावे.

लंडनमध्ये सर्वांत मोठा बदल सूर्याचा. पुण्यात वर्षभरात सूर्यास्ताची वेळ साधारण सव्वा तासाने मागेपुढे होते. लंडन पुण्याच्या कितीतरी उत्तरेस असल्याने तेथे हे अंतर पाच तासांहून अधिक आहे. जूनच्या उत्तरार्धात सूर्य पहाटे पावणेपाचच्या आत उगवतो आणि रात्री नऊ वाजून वीस मिनिटांच्या सुमारास मावळतो. डिसेंबरमध्ये तोच सकाळी आठला उगवून दुपारी चारच्या आतच मावळतो. म्हणजे उन्हाळ्यात चौविहार सहज सांभाळतो. दिवसभर फिरून सायंकाळी सात वाजता घरी जेवले तरी सूर्य आकाशातच असतो. हिवाळ्यात मात्र तीन-साडेतीनला शेवटचे जेवण उरकावे लागते आणि नवकारशी येते जवळजवळ नऊ वाजता. फिरण्याचा बेत त्याप्रमाणे आखावा. हिवाळ्यात वस्तुसंग्रहालयात जायचे असेल, तर सकाळी उघडताच जावे, सोबत डबा घ्यावा आणि साडेतीनपूर्वी जेवून घ्यावे. पर्युषण ऑगस्टच्या अखेरीस आले, तर तेथील सूर्यास्त आठच्या सुमारास असतो. घड्याळ पाहून अंदाज बांधू नये, त्या दिवसाची स्थानिक वेळ पाहावी.

खाद्यपदार्थांच्या वेष्टनाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. भारतातील हिरव्या ठिपक्याची सवय झालेल्या डोळ्यांना तेथे सहज फसगत होऊ शकते. ब्रिटनमध्ये ‘व्हेजिटेरियन’ शब्दात अंडी येतात, मधही येतो. ‘व्हीगन’ लिहिले असेल तर अंडी, दूध व मध नाही, पण कांदा, लसूण, बटाटा असू शकतो. कायद्याने चौदा ॲलर्जीकारक घटक वेष्टनावर ठळक छापावे लागतात. त्यांत अंडी व दूध आहेत, कांदा-लसूण नाहीत. म्हणून केवळ ठळक अक्षरे न पाहता घटकांची संपूर्ण यादी वाचावी. चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट आणि गोळ्या-मिठायांत जिलेटिन असू शकते. वेम्ब्ली येथील ईलिंग रोडवर गुजराती दुकानांची मोठी रांग आहे. तेथे डाळी, पिठे, ताज्या भाज्या मिळतात आणि जैन पदार्थ मागितल्यावर समोरच्याला अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

शहरात फिरण्यासाठी भुयारी रेल्वे आणि बस. ही रेल्वे १८६३ साली सुरू झाली आणि आज तिची २७२ स्थानके आहेत. जुन्या स्थानकांपैकी अनेकांत जिनेच आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी नकाशावर चाकाच्या खुर्चीचे चिन्ह असलेली स्थानके निवडावीत किंवा सरळ बसने जावे. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. ऑयस्टर कार्ड किंवा स्पर्शाने चालणारे बँकेचे कार्ड वापरावे, मात्र प्रत्येकाचे स्वतंत्र. रेल्वेत शिरताना आणि उतरताना दोन्ही वेळा तेच कार्ड टेकवावे. बसमध्ये केवळ चढताना. दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा असते, तिच्यापुढे पैसे कापले जात नाहीत. कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात या वेळेत रेल्वेभाडे अधिक, गर्दीही अधिक. साठी ओलांडलेल्यांची सवलत लंडनच्या रहिवाशांपुरतीच आहे, पाहुण्यांनी तिची अपेक्षा ठेवू नये. विमानतळावरून शहरात येण्यासाठी पिकॅडिली मार्ग स्वस्त, २०२२ साली सुरू झालेली एलिझाबेथ लाइन अधिक वेगवान.

काय पाहावे याची यादी प्रत्येकाची वेगळी. ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या कायम दालनांना प्रवेशशुल्क नाही; दुसऱ्यात तीर्थंकरांच्या प्राचीन मूर्ती आहेत. ब्रिटिश लायब्ररीत जैन हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. प्रिमरोज हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली घेतले आणि तेथे स्मारक उभे राहिले. १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू डॉलिस हिल भागात आहे. मराठी बोलण्यासाठी आसुसलेल्या आईला तेथील एक सायंकाळ फार मोलाची वाटते.

दर्शनासाठी पॉटर्स बार येथील ओशवाल केंद्राचे शिखरबद्ध देरासर आणि केंटन येथील महावीर फाउंडेशनचे देरासर जवळची आहेत. ओशवाल समाजातील पुष्कळ घराणी पूर्व आफ्रिकेतील व्यापार मागे ठेवून ब्रिटनमध्ये आली. एक दिवस हाताशी असेल, तर रेल्वेने सुमारे सव्वा तासावरील लेस्टरला जावे. तेथील जैन केंद्रात १९८८ साली प्रतिष्ठा झाली. एकाच वास्तूत श्वेतांबर मंदिर, दिगंबर मंदिर, स्थानकवासी उपाश्रय आणि श्रीमद् राजचंद्रांचे दालन आहे. घरापासून दूर गेलेल्या समाजाने आपसांतील भेद कसे सावरून घेतले, ते पाहण्यासारखे आहे.

शेवटी प्रकृतीविषयी. पाहुण्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर खर्च मोठा येतो. प्रवास विमा काढताना मधुमेह, रक्तदाब लपवू नये. लपविलेला आजार दाव्याच्या वेळी आड येतो. तातडीच्या प्रसंगी ९९९ आणि साध्या वैद्यकीय सल्ल्यासाठी १११ हे क्रमांक लक्षात ठेवावेत. मुलाचा पत्ता व दूरध्वनी एका चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवावा. मुलगा-सून सकाळी कामावर जातात. आठवडाभरात घराजवळची बस, बाग आणि किराणा दुकान स्वतः ओळखीचे करून घेतले, तर दिवस लांब वाटत नाही, आणि दोन महिन्यांचा मुक्काम दोन्ही पिढ्यांना हवासा वाटतो.